तीन पिढ्यांसह काशीला जाताना मुक्काम कोठे करावा?

ताई, तुम्ही दिलेली माहिती मी दोनदा वाचली, कारण अशा प्रश्नात हॉटेलच्या नावापेक्षा बरोबर येणाऱ्या माणसांची वये आणि तब्येती अधिक महत्त्वाच्या असतात. तुमचा प्रश्न मला असा समजला. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही दहा जण चार रात्रींसाठी नाशिकहून काशीला निघाला आहात. ७९ वर्षांच्या सासऱ्यांना गुडघ्यांचा त्रास आहे आणि त्यांची बायपास झालेली आहे. सासूबाई ७३ वर्षांच्या आहेत, तुमच्या आई ७० वर्षांच्या आहेत आणि त्यांना मधुमेह आहे. तुम्ही दोघे, १५ वर्षांचा मुलगा, ११ वर्षांची मुलगी, आणि न्यू जर्सीहून येणारे दीर, जाऊ व त्यांची चार वर्षांची मुलगी असा बाकीचा परिवार आहे. दोन जागा तुमच्या मनात आहेत. एक म्हणजे घाटावरची जुनी हवेली, जिच्या चारही खोल्यांतून गंगा दिसते. दुसरी म्हणजे छावणी भागातले, म्हणजे कँटोन्मेंटमधले, लिफ्ट असलेले मोठे हॉटेल. सासूबाईंना गंगेकाठीच राहायचे आहे, तुमच्या यजमानांना छावणी सोयीची वाटते, आणि एका रात्रीला सर्वांचे मिळून २०,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची तुमची तयारी आहे.

मी पुण्यातून गेली २२ वर्षे कुटुंबांच्या लहान सहली आखते आणि काशीला वर्षातून किमान दोनदा जाते. त्या अनुभवावरून सांगते की तुमची खरी अडचण या दोन हॉटेलांपैकी चांगले कोणते ही नाही. दहा माणसांचा दिवस एकाच गतीने जाणार नाही, ही खरी अडचण आहे. पहाटे पाचला उठून गंगेवर जाणारी आजी, साडेआठपर्यंत झोपणारा पंधरा वर्षांचा मुलगा, अमेरिकेहून आल्यामुळे रात्री दोनला टक्क जागी असणारी लहान मुलगी आणि सकाळी दोन तास फिरल्यावर पाय पसरून पडावेच लागेल असे आजोबा, या सर्वांना एकत्र बांधून ठेवणारा कार्यक्रम तिसऱ्या दिवशी मोडतो. म्हणून हॉटेल निवडताना मी पहिला प्रश्न विचारते तो असा: घरातील सर्वांत थकलेल्या माणसाला दुपारी एक वाजता, कोणालाही फारसे अडवून न ठेवता, खोलीवर परत येऊन पडता येईल का, आणि पाच वाजता पुन्हा बाहेर पडता येईल का? याचे उत्तर ‘हो’ असेल तर त्या माणसाला दिवसातून दोनदा काशी पाहायला मिळते. ‘नाही’ असेल तर तो एकदा बाहेर पडतो, दमतो आणि उरलेला दिवस इतरांची वाट पाहत घालवतो.

हे मी एका चुकीतून शिकले. सुरुवातीच्या काळात सातारच्या एका कुटुंबाला मी घाटावरच्या अशाच एका हवेलीत उतरवले होते. जागा सुंदर होती, माणसे अगत्यशील होती, खिडकीतून सूर्योदय दिसत होता. परंतु गाडी जेथे थांबली तेथून बोळातून बरेच चालायचे होते, नंतर दारापर्यंत उंच दगडी पायऱ्या होत्या आणि आत दोन जिने होते. त्या घरातल्या ८१ वर्षांच्या आजी पहिल्या दिवशी कशाबशा वर चढल्या आणि मग तीन दिवस खाली उतरल्याच नाहीत. गंगा त्यांना दिवसभर दिसत होती, पण पाण्याला त्यांचा हात लागला तो निघण्याच्या दिवशी, तोही मुलाने तांब्यातून पाणी वर आणल्यावर. हवेलीवाल्यांनी मला काही खोटे सांगितले नव्हते. पायऱ्या किती आहेत हे मी विचारलेच नव्हते. तेव्हापासून खोलीचे छायाचित्र पाहण्याआधी मी गाडीचे दार ते पलंग हे अंतर विचारते.

काशीच्या बाबतीत हा प्रश्न इतर शहरांपेक्षा अधिक टोकदार होतो, आणि त्याचे कारण त्या शहराच्या रचनेत आहे. दक्षिणेला अस्सी आणि उत्तरेला राजघाट यांच्या दरम्यान गंगेच्या पश्चिम तीरावर घाटांची सलग रांग आहे. विश्वनाथ मंदिर आणि दशाश्वमेध घाट साधारण मध्यावर येतात. या मधल्या भागात चारचाकी वाहन शेवटपर्यंत जात नाही. दक्षिणेकडून आलात तर गोदौलिया चौकाच्या आसपास आणि उत्तरेकडून आलात तर मैदागिनला गाडी सोडावी लागते, आणि सणावारी हा अडथळा आणखी अलीकडे येतो. गोदौलियापासून दशाश्वमेधपर्यंतचे अर्धा-पाऊण किलोमीटर अंतर आपल्याला काहीच वाटत नाही, पण त्या गर्दीत, सायकलरिक्षा आणि गाईंमधून वाट काढत, दुखऱ्या गुडघ्यांनी चालणे ही वेगळीच गोष्ट आहे. डिसेंबर २०२१ मध्ये विश्वनाथ धामाचा नवा परिसर खुला झाल्यापासून मंदिराभोवती मोकळी जागा झाली आहे आणि गंगेच्या बाजूनेही आत जाता येते, परंतु तेथे घाटाकडून यायचे तर पायऱ्या चढाव्या लागू शकतात. शिवाय त्या परिसरात येणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. त्यामुळे ‘मंदिरापासून पाच मिनिटांवर’ असे लिहिलेल्या हॉटेलात उतरलात, तर मंदिर जवळ येते हे खरे, पण सारनाथ, बनारस हिंदू विद्यापीठ, डॉक्टर आणि तुमची स्वतःची गाडी या सर्वच गोष्टी लांब जातात.

छावणीचा भाग याच्या अगदी उलट आहे. रुंद रस्ते, झाडे, दारापर्यंत गाडी, व्यवस्थित लिफ्ट, मोठी न्याहारी आणि वाराणसी जंक्शन जवळ. तेथून सारनाथला जाणे सोपे पडते, विमानतळाचा रस्ताही त्याच बाजूला आहे. व्हीलचेअरशिवाय हलताच येत नाही असे कोणी बरोबर असेल, किंवा एकाच रात्रीचा मुक्काम असेल, तर मी आजही छावणीच सुचवते. अडचण अशी की घाटांपासून ते चार-पाच किलोमीटर दूर आहे, आणि संध्याकाळच्या कोंडीत तेवढ्या अंतराला पाऊण तास सहज लागतो. सकाळी घाटावर जाऊन दुपारी परत आणि संध्याकाळी पुन्हा घाटावर, असे दोनदा कोणी करत नाही. म्हणजे जे हॉटेल आजोबांच्या सोयीसाठी घेतले, त्याच हॉटेलामुळे आजोबांची संध्याकाळची आरती चुकते. मी हे अनेक घरांत होताना पाहिले आहे.

तुमच्या माणसांचा विचार करता मी या दोन्ही जागा बाजूला ठेवून अस्सीच्या परिसरात शोध घ्यायला सांगेन. अस्सीपासून शिवाला, भेलूपूर, रवींद्रपुरी, दुर्गाकुंड आणि लंका नावाच्या वस्तीपर्यंतचा जो पट्टा आहे, त्यात मुख्य रस्त्यावर किंवा रस्त्यापासून एकाच वळणावर असलेली, लिफ्ट असलेली मध्यम आकाराची हॉटेले मिळतात. अस्सी घाटाच्या बऱ्याच जवळ गाडी येते, दशाश्वमेधच्या मानाने तेथे मोकळी जागा आहे आणि बसायला ऐसपैस पायऱ्या आहेत. पहाटे तेथे ‘सुबह-ए-बनारस’ हा आरती, मंत्रपठण आणि शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम असतो आणि संध्याकाळी स्वतंत्र आरती होते, त्यामुळे दशाश्वमेधच्या गर्दीत न जाताही सासूबाईंना दोन्ही वेळा गंगेवर बसता येईल. संकटमोचन, दुर्गा मंदिर आणि तुलसी मानस मंदिर ही सर्व याच भागात आहेत. आणि एक गोष्ट सहलीच्या उत्साहात कोणी विचारत नाही, पण बायपास झालेला माणूस बरोबर असताना मी ती आधी पाहते: बनारस हिंदू विद्यापीठाचे सर सुंदरलाल रुग्णालय लंकेला आहे, म्हणजे अस्सीपासून अगदी थोड्या अंतरावर. रात्री अकराला छातीत दुखू लागले तर घाटाच्या बोळातून खुर्चीवर बसवून माणूस बाहेर आणण्यात जो वेळ जातो, तो येथे जात नाही.

सासूबाईंची इच्छा मला क्षुल्लक वाटत नाही, हे आवर्जून लिहिते. मराठी माणसाची काशी मुळात घाटावरचीच आहे. ब्रह्मा घाट, दुर्गा घाट, पंचगंगा घाट या भागात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली, पूर्वीचे यात्रेकरू तेथील तीर्थोपाध्यायांच्या घरीच उतरत, आणि आज आपण ज्या विश्वनाथ मंदिरात जातो ते अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास बांधलेले आहे. गंगेकाठी चार रात्री काढाव्यात असे ७३ व्या वर्षी वाटणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणूनच त्यांना ‘नको’ म्हणण्याआधी एक हिशेब घरीच करून पाहा. सासरे सध्या कठड्याला धरून, न थांबता, किती पायऱ्या चढतात आणि दिवसातून किती वेळा, हे दोन-तीन दिवस नुसते पाहून ठेवा. मग हवेलीला फोन करून रस्त्यापासून खोलीपर्यंतच्या पायऱ्या मोजायला सांगा. सासरे एका दमात पंधरा पायऱ्या चढत असतील आणि हवेलीच्या पायऱ्या साठ असतील, तर निर्णय कोणाच्या मतावर अवलंबून राहत नाही, आणि सासूबाईंनाही तो आपल्या इच्छेविरुद्ध घेतल्यासारखा वाटत नाही. पायऱ्या खरोखर कमी निघाल्या, तर माझे मत बदलून हवेली घ्यायला माझी काहीच हरकत नाही. दोन रात्री हवेलीत आणि दोन रात्री दुसरीकडे असा मधला मार्ग काही जण काढतात. दहा माणसांचे सामान बांधून दुसरीकडे हलवण्यात पूर्ण अर्धा दिवस जातो, त्यामुळे चार रात्रींच्या मुक्कामात मी तो सुचवत नाही.

आता अस्सीच्या पट्ट्यात हॉटेल शोधताना काय विचारावे, ते सांगते. ‘लिफ्ट आहे का’ या प्रश्नाला ‘आहे’ असे उत्तर नेहमीच मिळते, पण त्याने काही कळत नाही. अनेक इमारतींत स्वागतकक्षच पाच-सहा पायऱ्या चढून असतो, किंवा लिफ्ट अर्ध्या जिन्यावरून सुरू होते, किंवा तळमजल्यावर आहे असे सांगितलेली न्याहारीची खोली तळघरात निघते आणि तेथे लिफ्ट जात नाही. वीज गेल्यावर जनरेटरवर फक्त दिवे चालतात की लिफ्टही चालते, हेही विचारावे. मी सरळ व्हिडिओ कॉल करायला सांगते: रस्त्यावर जेथे गाडी थांबेल तेथून चालत सुरुवात करा, आत या, लिफ्टने वर जा, खोलीत या, बाथरूमचे दार उघडा. दोन मिनिटांचे काम आहे. जे व्यवस्थापक हे आनंदाने करतात, ते नंतर मध्यरात्री गरम पाण्याच्या पिशवीसाठीही उठतात. जे टाळतात, त्यांच्याकडे टाळण्यासारखे काहीतरी असते, असा माझा अनुभव आहे.

बाथरूमकडे मी खोलीपेक्षा अधिक लक्ष देते, कारण प्रवासात वृद्ध माणसे पडतात ती बहुधा तेथेच आणि बहुधा पहाटे. कमोड असतोच, पण त्याच्या शेजारी धरायला भक्कम दांडी आहे का, आत शिरताना उंबरठ्यासारखी पायरी आहे का, आंघोळीची जागा काचेने वेगळी केली असेल तर तेथे पाय उचलून जावे लागते का, आणि फरशी गुळगुळीत आहे का, हे पाहावे. आपल्या वडीलधाऱ्यांना शॉवरखाली उभे राहून आंघोळ करणे जमत नाही आणि आवडतही नाही. बादली, तांब्या आणि बसायला प्लास्टिकचे मजबूत स्टूल आधीच सांगून ठेवावे. गरम पाणी गीझरचे आहे की ठरावीक वेळी येणारे, हेही विचारावे, कारण नोव्हेंबरअखेर काशीत पहाटे चांगलाच गारवा असतो आणि सासूबाई पाचलाच पाणी मागणार आहेत. एक रबरी चटई आणि एक लहान रात्रदिवा घरूनच न्यावा. पलंग फार खाली असेल तर दुखऱ्या गुडघ्यांना उठता येत नाही. तसे असल्यास आणखी एक गादी टाकून पलंग उंच करून मिळतो, फक्त ते आधी सांगावे लागते.

खोल्यांची वाटणी हा घरातला नाजूक विषय असतो, पण तो निघण्यापूर्वीच सोडवलेला बरा. तुमच्यासाठी चार खोल्या पुरतील. सासू-सासऱ्यांना एक खोली, लिफ्टपासून जवळची पण लिफ्टला लागून नसलेली, कारण दारांचा आवाज रात्रभर येतो. दीर, जाऊ आणि त्यांची मुलगी यांना एक, शक्यतो ओळीच्या टोकाची, म्हणजे मुलगी रात्री जागी झाली तरी इतरांची झोप मोडणार नाही. तुमच्या आईंना एकटीला खोली देऊ नका आणि सासू-सासऱ्यांच्या खोलीतही घालू नका. विहीणबाईंच्या संकोचामुळे त्या रात्री बाथरूमलाही उठणार नाहीत. नात आणि आजी एका खोलीत ही व्यवस्था मी नेहमी सुचवते. ११ वर्षांची मुलगी आजीचा चष्मा शोधून देऊ शकते, रात्री काही वाटले तर तुम्हाला फोन करू शकते, आणि आजीलाही तिचा सहवास मिळतो. मात्र त्या दोघींना एकदा विचारून घ्या. तुम्ही दोघे आणि मुलगा चौथ्या खोलीत. येथे जपायचे असे की ‘तीन माणसांची खोली’ म्हणजे बऱ्याच ठिकाणी दोघांचा पलंग आणि जमिनीवर एक गादी असते. पंधरा वर्षांच्या उंच मुलाला खराखुरा पलंग मिळणार आहे का, हे स्पष्ट विचारावे.

आतून एकमेकींना जोडलेल्या खोल्या मिळाल्या तर उत्तम, पण या पट्ट्यातल्या हॉटेलांत त्या क्वचित असतात, आणि ‘शेजारच्या खोल्या’ असे म्हटले की प्रत्येक जण आपापल्या सोयीचा अर्थ काढतो. तुमच्यासाठी चारही खोल्या एकाच मजल्यावर असणे पुरेसे आहे, परंतु ते व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर लेखी घ्या, आणि पोहोचण्याच्या आदल्या दिवशी फोन करून पुन्हा आठवण करा. ॲपवरून आरक्षण करताना ‘विनंती’ या रकान्यात लिहिलेले पुष्कळदा कोणी वाचतच नाही. अशा मुक्कामात सर्वांनी मिळून बसायला जागा लागते, ही गोष्टही विसरू नये. हवेलीचा किंवा भाड्याच्या घराचा खरा फायदा तोच असतो की मध्ये एक अंगण किंवा दिवाणखाना असतो. हॉटेलात ती सोय नसेल तर गच्ची, रिकामी भोजनशाळा किंवा लॉबीचा एक कोपरा दुपारी चारच्या चहाला वापरता येईल का, हे विचारून ठेवा. दहा जण एका खोलीत पलंगावर दाटीवाटीने बसले की आजोबांना आडवे होता येत नाही.

जेवणाविषयी थोडेच लिहिते. काशीत शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण नसलेले जेवण सहज मिळते, त्यामुळे अडचण पदार्थांची येत नाही, वेळेची येते. बहुतेक हॉटेलांत न्याहारी आठच्या सुमारास सुरू होते आणि तुमच्या आईंना मधुमेहाच्या औषधानंतर वेळेवर खावे लागणार आहे. खोलीत पाणी तापवण्याची किटली, सकाळी सहाला दूध, आणि इन्सुलिन घेत असतील तर ते ठेवायला खोलीत छोटा फ्रिज, या तीन गोष्टी आरक्षणाच्या वेळीच नक्की करा. रात्री साधी मऊ खिचडी किंवा दहीभात करून देणारे स्वयंपाकघर हॉटेलात असेल, तर त्यासाठी मी दोन-चारशे रुपये जास्त मोजायला तयार असते. कचोरी आणि मलई तुमची मुले बाहेर खातीलच.

पैशांच्या बाबतीत एक हिशेब आवर्जून करा. सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीस ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे ९,००० रुपयांचा एक मोठा ‘फॅमिली सुइट’ करासह १०,६२० रुपयांना पडतो, तर साडेचार हजारांच्या दोन स्वतंत्र खोल्या ९,४५० रुपयांना पडतात आणि तुम्हाला दोन बाथरूम मिळतात. तीन पिढ्यांच्या सहलीत सकाळी बाथरूमची संख्या फार मोलाची असते. साडेचार हजारांच्या चार खोल्या करासह १८,९०० रुपयांत बसतात, म्हणजे तुमच्या २०,००० रुपयांच्या मर्यादेत मुलाच्या जादा पलंगासाठीही थोडी रक्कम उरते.

दर पाहण्याआधी पंचांग पाहा, कारण येथे आपल्याकडची बरीच कुटुंबे फसतात. आपल्याकडे देवदिवाळी मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला मानतात, काशीची देवदीपावली मात्र कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे आपल्या त्रिपुरी पौर्णिमेला असते. त्या रात्री सगळे घाट दिव्यांनी उजळतात आणि दृश्य विलक्षण असते, परंतु खोल्यांचे दर कित्येक पटींनी वाढतात आणि गर्दीत वृद्धांना घाटावर नेणे मला धोक्याचे वाटते. तुमचा आठवडा या पौर्णिमेवर येत असेल तर दोन-तीन दिवस पुढे सरका. दुसरी गोष्ट लग्नांची. नोव्हेंबरअखेर उत्तरेत लग्नसराई ऐन भरात असते, आणि ज्या हॉटेलाला लॉन किंवा मोठे सभागृह आहे तेथे रात्री उशिरापर्यंत बँड आणि डीजे चालतो. तुमच्या तारखांना समारंभ आहे का, हे थेट विचारा, आणि सभागृहच नसलेले हॉटेल मिळाले तर ते आधी घ्या.

दिरांच्या कुटुंबाविषयी एक सूचना. त्यांच्यापैकी ज्यांचा पासपोर्ट परदेशी आहे, त्यांची नोंद हॉटेलला २४ तासांच्या आत सरकारकडे करावी लागते, त्या नोंदीला हॉटेलवाले ‘फॉर्म सी’ म्हणतात. काही लहान अतिथीगृहे ही कटकट नको म्हणून परदेशी नागरिकांना खोलीच देत नाहीत, आणि ते कळते दारात पोहोचल्यावर. चार वर्षांची मुलगी अमेरिकेत जन्मलेली असेल तर तिच्यासाठीही हा प्रश्न येतो. आरक्षण करतानाच सांगा आणि सर्वांच्या पासपोर्टच्या व व्हिसाच्या किंवा ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचे) कार्डाच्या प्रती जवळ ठेवा.

पोहोचण्याच्या दिवसाचेही आधीच ठरवा. तुमचे विमान सकाळी उतरते आणि खोल्या दुपारी दोनला मिळतात, असे तुम्ही लिहिले आहे. बाबतपूरचा विमानतळ शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे, म्हणजे तुम्ही अकरा-साडेअकराला हॉटेलवर असाल, तेही पहाटे दोनला नाशिक सोडल्यानंतर. अशा वेळी मी फक्त एका खोलीचे आदल्या रात्रीचे भाडे भरते. ती खोली पोहोचताच मिळते, तिन्ही वडीलधारी माणसे आणि लहान मुलगी तेथे पडतात, बाकीचे लॉबीत सामान ठेवून अस्सीवर एक फेरी मारून येतात. त्या एका जादा भाड्याने पुढचे चार दिवस सुधारतात. विमानतळावरून दहा जणांसाठी एक टेम्पो ट्रॅव्हलर घेण्याऐवजी दोन मोठ्या गाड्या घ्या. अरुंद रस्त्यांवर मोठी गाडी अडते, आणि दोन गाड्या असल्या की एकीला दुपारी आजोबांना घेऊन परत जाता येते.

आरक्षणापूर्वी त्या हॉटेलाविषयीचे कमी गुणांचे अभिप्राय शोधा आणि त्यांत जिना, लिफ्ट, गरम पाणी, आवाज, ओल हे शब्द दिसतात का ते पाहा. सेवकांच्या उद्धटपणाविषयी एखादा अभिप्राय असेल तर तो त्या दिवसापुरता असू शकतो, पण लिफ्ट बंद असल्याचे तीन वेगवेगळ्या महिन्यांत कोणी लिहिले असेल तर ती तुमच्या महिन्यातही बंद असेल असे धरून चाला. आगाऊ रक्कम पाठवण्याआधी फोन क्रमांक दोन वेगळ्या ठिकाणी पडताळून पाहा, कारण हॉटेलच्या नावाने बनावट संकेतस्थळ काढून पैसे घेण्याचे प्रकार तीर्थक्षेत्री बरेच होतात. खात्यावर हॉटेलचे नाव न येता भलत्याच व्यक्तीचे नाव येत असेल तर पैसे पाठवू नका. रद्द करता येणारा दर थोडा महाग असला तरी तोच घ्या. ७९ वर्षांचा माणूस बरोबर असताना तारखा बदलण्याची शक्यता गृहीत धरावी लागते.

म्हणजे क्रम असा लावा: आधी पायऱ्यांचा हिशेब आणि पंचांग, मग अस्सीच्या पट्ट्यातली तीन-चार हॉटेले, मग व्हिडिओ कॉल, आणि शेवटी दर. हे सर्व या आठवड्यात केले तर चार खोल्या एका मजल्यावर मिळण्याची शक्यता चांगली राहील, कारण दिवस जवळ येतात तशा खोल्या विखुरलेल्या मिळू लागतात.

विश्वनाथाच्या दर्शनाला जाताना मोबाईल आत नेता येत नाही, हे लक्षात घेऊन चुकामूक झाल्यास कोठे थांबायचे ते गाडीतच ठरवा आणि हॉटेलचे नाव-पत्ता छापलेले कार्ड प्रत्येकाच्या खिशात द्या, चार वर्षांच्या मुलीच्याही. दशाश्वमेधची आरती मात्र पायी जाऊन पाहू नका. अस्सीहून संध्याकाळी नाव ठरवा, चढण्याच्या जागी पूर ओसरल्यानंतरचा गाळ उरलेला नाही ना हे दुपारी मुलाला पाठवून पाहून घ्या, आणि सासऱ्यांसाठी पाठ टेकायची खुर्ची नावेत ठेवायला नावाड्याला सांगा. चढता-उतरताना दोन बाजूंनी दोघे असावेत. नाव आरतीसमोर थांबते, गर्दीचा स्पर्श होत नाही, आणि जाताना सासूबाईंना ती हवेलीही पाण्यातून दिसेल.